सतरा ठिपके आणि सुताराची पट्टी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बंद पडलेल्या एका फर्निचर कारखान्याचं कुलूप उघडलं. खुर्च्या-टेबलं मात्र आता तिथे होणार नव्हती. जॉन पार्सन्स नावाच्या उद्योजकाने तिथे हेलिकॉप्टरची पाती बनवायला घेतली होती. त्या पात्यांच्या आतल्या फासळ्या तेव्हा लाकडाच्या असत आणि त्यांचा आकार सिकोर्स्की कंपनीकडून यायचा तो १७ ठिपक्यांच्या रूपात. कागदावर ठिपके मांडायचे, ते वळणदार पट्टीने हाताने जोडायचे, त्या रेषेबरहुकूम लाकडी साचा करायचा आणि लाकडाच्या पातळ पट्ट्या त्या साच्यात दाबून वाकवायच्या. उडणार हेलिकॉप्टर, पण काम सगळं सुताराचं.

दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेतून रेषेने कसं जायचं, हे ठरवत होता तो जोडणाऱ्याचा हात. आज एकाने जोडलेली रेषा आणि उद्या दुसऱ्याने जोडलेली रेषा यांत केसाचा तरी फरक राहणारच. युद्ध संपल्यावर पार्सन्सनी फ्रँक स्टुलेन या अभियंत्याला बरोबर घेतलं आणि आयबीएमच्या पंचकार्डांवर चालणाऱ्या गणकयंत्राकडून १७ च्या जागी २०० ठिपके काढून घेतले. मग यंत्रापाशी तीन माणसं उभी केली. एकाने कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने एका दिशेचं चाक फिरवायचं, तिसऱ्याने दुसऱ्या दिशेचं. पुढची पायरी मग उघडच होती. वाचणारा आणि फिरवणारे यांच्या जागी भोकं पाडलेली पट्टी आणि मोटरी आल्या तर? हवाई दलाने पैसे दिले, एमआयटीच्या प्रयोगशाळेने जुळणी केली आणि १९५२ मध्ये आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन लोकांपुढे आलं. यथावकाश पट्टी जाऊन संगणक आला आणि 'सीएनसी' ही तीन अक्षरं पुण्याजवळच्या भोसरीच्या वर्कशॉपमधल्या पोरासोरांच्याही तोंडी बसली.

अनेक जुन्या सुतारशाळांनी ज्या यंत्राला वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं, ते यंत्र सुचलं एका फर्निचर कारखान्याच्या छपराखाली, लाकडी फासळीपायी! मला यातली गंमत अजून पुरती पचलेली नाही.

आणि गंमत इथेच संपत नाही. संगणकाच्या पडद्यावर आपण जी लवचीक रेषा माउसने ओढतो, तिचं मूळही लाकडातच आहे. कमान आखायची असली की सुतार काय करतो? फळीवर दोन-तीन खिळे ठोकतो आणि लाकडाची पातळ, एकसारखी पट्टी त्यांच्यामधून वाकवून तिच्या कडेने पेन्सिल फिरवतो. खिळ्यांच्या मधल्या भागात पट्टी कुठून जाईल हे तो ठरवत नाही. पट्टीच ठरवते. अंगावर कमीत कमी ताण येईल असा आकार ती आपणहून धरते, म्हणून ती रेषा डोळ्यांना कुठेही अडखळत नाही. जहाजं बांधणारे हेच मोठ्या प्रमाणावर करत. लांबच लांब पट्ट्या जमिनीवर पसरायच्या, शिशाच्या वजनांनी जागच्या जागी दाबायच्या आणि जहाजाच्या पोटाची वळणं खऱ्या मापात आखायची. विमानांच्या कारखान्यांनीही तीच रीत उचलली.

१९४६ मध्ये आयझॅक शोनबर्ग या गणितज्ञाने या वाकलेल्या पट्टीचं गणित मांडलं. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत फ्रान्समधल्या दोन मोटार कंपन्यांत दोन माणसं, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वळणं आकड्यांत पकडण्याच्या मागे लागली. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए. सिट्रोएनने आपल्या माणसाचं काम कुलपात ठेवलं, म्हणून नाव झालं बेझिएंचं. आजच्या फर्निचर-डिझाइनच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये या दोघांची आणि त्या लाकडी पट्टीची वंशावळ आहे.

तिसरी गोष्ट तर मला थक्कच करते. चौरस लाकडाचा गोल पाय हाताने काढायचा असेल तर जुना कारागीर थेट गोलाई काढायला जात नाही. आधी चारही बाजूंवर पेन्सिलीने कडेपासून ठरावीक अंतरावर रेषा मारतो. मग रंध्याने चारही कोपरे त्या रेषांपर्यंत उडवतो. झाला अष्टकोन. आता आठ कोपरे उडवायचे, सोळा बाजू होतात. हे सोळा कोपरे इतके बोथट असतात की नजरेला दिसेनासे होतात आणि बोटाला तेवढे लागतात. तो पाय हातात फिरवतो, अंगठा जिथे अडेल तिथे रंध्याचा एक हलका हात मारतो, शेवटी कानस आणि पॉलिश पेपर. जहाजाची डोलकाठीही अशीच घडायची. १९७४ मध्ये जॉर्ज चायकिन यांनी संगणकावर वळणदार रेषा काढण्याची एक साधी कृती सांगितली. तुटक रेषा घ्या, तिचा प्रत्येक कोपरा ठरावीक प्रमाणात कापा, जे नवे कोपरे तयार होतील तेही तसेच कापा, आणि कापत राहा. कापण्याचं प्रमाण वेगळं, निघणारी रेषाही वर्तुळाची नव्हे, पण रीत रंध्याचीच.

सुतारकाम आणि संगणक यांचं घराणं एकच असेल, तर भाऊबंदकी कशावरून?

सुताराला यंत्राचं वावडं आहे, हे उत्तर सोपं आहे आणि चुकीचं आहे. सुतारांनी यंत्रं फार लवकर घेतली. १८१९ च्या सुमारास टॉमस ब्लँचर्डने अमेरिकेत बंदुकीचे दस्ते कोरणारा लेथ काढला. एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरायचा, त्याच्यावरून एक चाक घसटत जायचं आणि त्याच्या चालीनुसार दुसऱ्या बाजूचं पातं नव्या लाकडात तसाच दस्ता काढायचं. आग लागून गेलेल्या लंडनच्या संसदभवनाची नवी इमारत उभी राहत होती, तेव्हा आतल्या लाकडी नक्षीसाठी टॉमस जॉर्डनचं १८४५ चं कोरीवकामाचं यंत्र वापरलं. यंत्राने जाडाभरडा आकार काढायचा आणि शेवटचा हात कोरक्यांनी फिरवायचा, अशी वाटणी होती. बँड सॉ, प्लेनर, राउटर यांचं तर काही विचारूच नका. फळी तासून तासून खांदा गेलेल्या माणसाला प्लेनरबद्दल तात्त्विक आक्षेप नसतात.

पण नक्कल करणाऱ्या या जुन्या यंत्रांना एक गोष्ट लागायची. अस्सल नमुना. कोणीतरी आधी एक पाय, एक दस्ता, एक पान हाताने उत्तम घडवलेलं असावं लागे. यंत्र हजार प्रती काढेल, पहिली प्रत कारागिराची. आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राला पहिली प्रत लागत नाही. त्याला फाइल लागते, आणि फाइल होते वातानुकूलित खोलीत. इथे पहिल्यांदा वस्तूचा आकार ठरण्याची जागा कारागिराच्या बाकावरून उठून दुसरीकडे गेली. माझ्या मते भांडण या स्थलांतराचं आहे, पात्याचं आणि मोटरीचं नव्हे.

हे असंच व्हायला हवं होतं का? इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात एका विसरलेल्या वाटेची हकीकत सांगितली आहे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल इलेक्ट्रिकने यंत्र 'शिकवण्याची' वेगळीच पद्धत काढली होती. कसबी कामगाराने पहिला नग स्वतः बनवायचा. त्याच्या हाताच्या सगळ्या हालचाली चुंबकीय टेपवर मुद्रित व्हायच्या आणि मग टेप लावली की यंत्र त्या हालचाली जशाच्या तशा करायचं. म्हणजे कार्यक्रम लिहिणारा तो कामगारच. नोबल यांच्या म्हणण्याप्रमाणे ही वाट मागे पडली, त्यात तांत्रिक कारणांइतकाच व्यवस्थापनाच्या इच्छेचा वाटा होता. कसब कामगाराच्या हातातून सुटावं, असं वरच्या मजल्यावर अनेकांना वाटत होतं. मला ही मांडणी जरा एकांगी वाटते. विमानाच्या पंखाचं तिन्ही दिशांनी एकदम वळणारं अंग कोणताही हात घडवून दाखवू शकत नव्हता, आणि पैसे देणाऱ्या हवाई दलाला तेच हवं होतं. पण खुर्चीच्या हाताला विमानाचा पंख कशाला व्हायचंय? फर्निचरला ती टेपच पुरली असती.

त्याच काळात जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रसिद्धीचं काम करणारा एक तरुण हे सगळं बघत होता. कर्ट व्हॉनेगट. त्याची पहिली कादंबरी 'प्लेयर पियानो' १९५२ मध्ये, म्हणजे एमआयटीचं यंत्र लोकांपुढे आलं त्याच वर्षी, निघाली. तिच्यात एका कसबी लेथ-कामगाराच्या हालचाली टेपवर उतरवून घेतात आणि मग त्याची गरज उरत नाही. कामगाराला लेखणी देणारी टेप त्याचा गळाही कापू शकते, हे व्हॉनेगटला दिसलं होतं. पुढे १९६० च्या दशकात नॉर्वेतल्या ट्राल्फा या हातगाड्या बनवणाऱ्या कंपनीने रंग मारणारा यंत्रमानव तयार केला. तो शिकायचा कसा? रंगाऱ्याने त्याचा हात धरून एकदा रंग मारून दाखवायचा. विसरलेली वाट रंगाच्या खोलीत शिल्लक राहिली होती.

आता थोडं डेन्मार्कला जाऊ. हान्स वेग्नर हा चांभाराचा मुलगा चौदाव्या वर्षी सुताराकडे उमेदवारीला लागला आणि पुढे त्याने खुर्च्यांच्या जगात अढळपद मिळवलं. १९४९ ची त्याची गोल पाठीची खुर्ची १९६० च्या केनेडी-निक्सन वादाच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणात झळकली आणि नुसती 'द चेअर' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिची पाठ आणि हात मिळून एक सलग वळण आहे, तीन लाकडांचं. पहिल्या खुर्च्यांत हे सांधे वेताच्या गुंडाळीखाली झाकलेले होते. वर्षभरात वेग्नरने गुंडाळी काढून टाकली आणि दातेरी सांधा उघडा ठेवला. एका लाकडाची बोटं दुसऱ्याच्या बोटांत अडकलेली स्पष्ट दिसतात.

वेग्नरच्या पिढीतले डॅनिश लोक खुर्ची खऱ्या मापात कागदावर आखत. रेषा जेवढी, खुर्ची तेवढी. कागद टेबलावर पसरला की खुर्चीच्या हातावर आपला हात ठेवून बघता येतो. पडद्यावर माप नावाची गोष्टच नसते. चाक फिरवलं की खुर्ची मुंगीएवढी, पुन्हा फिरवलं की हत्तीएवढी. पडद्यावर सुबक दिसणारा पाय प्रत्यक्षात काडीसारखा निघतो किंवा खांबासारखा. जुने कारागीर पडद्यावर नाक मुरडतात त्यात हा भाग मोठा आहे, आणि तो शंभर टक्के रास्त आहे.

तरीही गोष्ट सरळ नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वेग्नरची ती खुर्ची बनवतो तो कोपनहेगनजवळच्या आलेरॉडमधला पीपी मोब्लर हा छोटा कारखाना. १९५३ मध्ये दोन भावांनी सुरू केलेला आणि हातकामासाठी नावाजलेला. तिथे सीएनसी आहे! त्या वळणाचा जाडा आकार यंत्र काढतं आणि शेवटचे थर माणूस उतरवतो. १८४५ च्या जॉर्डनची वाटणी, नव्या कपड्यांत. यंत्रापुढे ठेवायची लाकडं मात्र आधी माणसाला निवडावी लागतात. रंग जुळायला हवा आणि लाकडाच्या तंतूंची रेषा वळणाच्या रोखाने जायला हवी. रेषा आडवी कापली गेली तर हात टेकताच मोडायचा. फाइलमध्ये खुर्चीचा हात म्हणजे एकजिनसी घन. रेषा तिला ठाऊकच नाही.

आणि इथे विरोधक बदलतो. आतापर्यंत माणूस नाही म्हणत होता, आता लाकूड म्हणतं.

लाकूड तोडल्यावर मरतं, पण हलायचं थांबत नाही. हवेत दमटपणा वाढला की ते ओल शोषतं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. खोडाच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ शून्य, गाभ्यापासून सालीकडे थोडं, आणि वर्षवलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून गोल दांडा वाळताना अंडाकृती होतो, चौकोनी चीप तिरकी होते, फळी पन्हळीसारखी वळते. सागवानाची एवढी प्रतिष्ठा का, तर इतरांच्या मानाने ते कमी हलतं. पण हलतंच. एक फूट रुंदीची बिनपॉलिशची सागाची फळी मुंबईच्या श्रावणातून उचलून कायम एसी चालणाऱ्या खोलीत महिनोन्‌महिने ठेवली, तर तिची रुंदी एका सुताहून जास्त कमी होऊ शकते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या किंचित वर. सीएनसी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या अचूकतेने कापतं. म्हणजे यंत्राने जपलेल्या अचूकतेच्या तीसपट हालचाल ती फळी नुसती पडल्यापडल्या करते.

पावसाळ्यात चौकटीत अडकणारं दार आपल्याकडे घरोघरी असतं. जुन्या दारांत जाड चौकट आणि मधे दिलं, म्हणजे पातळ फळ्या, असतात. ही दिलं खाचेत नुसती सरकवलेली असतात, चिकटवलेली नसतात. त्यांनी आषाढात फुगावं, माघात आकसावं, चौकटीला काही कळू नये. ही नक्षी नाही, हवामानाशी केलेला करार आहे.

या कराराचा सगळ्यात भव्य नमुना जपानमध्ये आहे. नारा शहरातल्या याकुशि-जी मंदिराचा पूर्वेचा मनोरा बाराशेहून अधिक वर्षं उभा आहे. पश्चिमेचा जळून गेला होता, तो १९८१ मध्ये पुन्हा बांधला. प्रमुख सुतार होते त्सुनेकाझु निशिओका. लोखंडाचा आधार द्यावा असं म्हणणाऱ्या विद्वानांशी ते वर्षानुवर्षं भांडले. हिनोकी लाकूड हजार वर्षं टिकतं, लोखंड तेवढं टिकत नाही, हा त्यांचा मुद्दा. नवा मनोरा त्यांनी जुन्याहून सुमारे फूटभर उंच बांधला. लाकूड दबत, आकसत जाईल आणि शतकांनंतर दोन्ही मनोरे सारख्या उंचीचे होतील, असा हिशेब. असं माप कोणत्या सॉफ्टवेअरच्या रकान्यात भरायचं?

उद्योगाकडे यावर जे उत्तर होतं ते त्याच्या दृष्टीने बिनतोड होतं. लाकूड फाइलचं ऐकत नसेल तर लाकूडच बदला. ते दळा, डिंकात कालवा, दाबा आणि तक्ते काढा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफला नस नाही, रेषा नाही, उलटसुलट बाजू नाही. पडद्यावरच्या एकजिनसी घनासारखा पदार्थ कारखान्यात तयार झाला. त्याच्या जोडीला आलं ३२ मिलिमीटरचं व्याकरण. कपाटाच्या बाजूपट्टीवर भोकांची जी रांग दिसते, तिच्यातलं दोन भोकांमधलं अंतर ३२ मिलिमीटर असतं. युरोपातल्या एकदम अनेक भोकं पाडणाऱ्या यंत्रांत दोन गिरमिटं त्याहून जवळ बसवणं दातेरी चाकांमुळे जमत नव्हतं, म्हणून हा आकडा. आपल्या ओट्याखालच्या मॉड्युलर ट्रॉल्या आणि फळ्या आज त्याच्याच तालावर बसतात.

आपल्याकडे हे व्याकरण आलं तेव्हा ते आधी भिंतीवर आपटलं. पुण्या-मुंबईत फर्निचरचं काम काढलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. इंटिरियरवाल्या ताई टॅबवर थ्रीडी दाखवत असतात. सोफ्याच्या मागे उन्हाचा तिरका पट्टासुद्धा पडलेला. मेस्त्री काही न बोलता भिंतीच्या कोपऱ्यात गुण्या लावतात. गुण्याच्या एका पात्याखालून उजेड दिसतो. "ताई, भिंत गुण्यात नाहीये. खाली बरोबर बसेल, वर अर्धा इंच फट पडेल." ताई म्हणतात, फाइल कालच फॅक्टरीला गेली. मग मेस्त्री खिशातून पेन्सिल काढतात, प्लायची एक पट्टी भिंतीला टेकवतात, पेन्सिल भिंतीलगत वरून खाली ओढत नेतात. भिंतीचं सगळं वाकडेपण पट्टीवर उतरतं. त्या रेषेवर करवत चालवली की पट्टी भिंतीला अशी चिकटते की पोस्टकार्ड जायचं नाही. भिंत हा नमुना, पट्टी ही प्रत. ब्लँचर्डच्या लेथचं तत्त्व, दोन मिनिटांत, विजेशिवाय.

बलुतेदारीतला सुतार तर नकाशाशिवायच जगला. नांगर, कुळव, गाडीचं चाक यांची मापं वीत, मूठ आणि समोरच्या बैलाची उंची यांत असायची. कोकणच्या किनाऱ्यावर पिढीजात कारागीर होड्यांच्या फासळ्यांसाठी मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड हेरून ठेवत आले. सरळ लाकूड कापून वळण काढलं तर रेषा तुटते. झाडाने स्वतः घेतलेलं वळण तुटत नाही.

यंत्रालाही स्वतःच्या अडचणी असतात, हे सहसा कोणी सांगत नाही. फिरणाऱ्या पात्याला आतला कोपरा काटकोनात कापताच येत नाही. पात्याच्या गोलाईइतका कोपरा गोल राहतोच. पटाशीने पोरगासुद्धा जो कोपरा काढेल तो लाखो रुपयांच्या यंत्राला जमत नाही. जपानमध्ये घरांच्या तुळ्या-खांबांचे सांधे आज बहुतांश कारखान्यातच यंत्रावर कापले जातात. यंत्र आलं आणि सांध्यांचे कोपरे गोल झाले. शेकडो वर्षांचा चौकोनी सांधा पात्याच्या हट्टापुढे नमला. जुने सुतार या 'आधीच कापलेल्या' लाकडावर नाराज होते, कारण कोणता ओंडका कोणत्या बाजूने वाकणार हे बघून त्याला घरात जागा देण्याचं काम त्यांच्या हातून गेलं. उलट २०२० मध्ये टोक्यो विद्यापीठातल्या संशोधकांनी 'त्सुगिते' नावाची प्रणाली केली. तिच्यात आपण सांधा रचू लागलो की ती सांगते, हे दोन तुकडे एकमेकांत सरकणारच नाहीत. इथे रेषा आडवी येते, सांधा तुटेल. हा कोपरा पात्याला जमणार नाही. रेषेबद्दल तक्रार करणारा संगणक! मेस्त्रींना तो आवडला असता.

विरोधकांची बाजू मी एवढी घेतली, आता त्यांच्या विरोधात थोडं. 'हाताची ऊब' हा शब्दप्रयोग हल्ली कारागिरांपेक्षा शोरूमवाल्यांच्या तोंडी जास्त असतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर शिकवणारे डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्येच या भोळेपणाला चाप लावला. हातकाम विरुद्ध यंत्रकाम ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. काम बिघडण्याची जोखीम शेवटच्या क्षणापर्यंत शिल्लक असते ते एक काम, आणि निकाल आधीच ठरलेला असतो ते दुसरं, एवढाच फरक ते मानत. साधी पट्टी धरून रेघ मारली तरी जोखीम कमी होते, मग ते हातकाम की यंत्रकाम? स्वतः पाय यांच्या लाकडी वाडग्यांवरच्या देखण्या पन्हळी त्यांनी स्वतः बनवलेल्या यंत्राने काढलेल्या आहेत.

आणि जुनी सुतारशाळा काही नंदनवन नव्हती. इंग्लंडमधल्या हाय विकम या खुर्च्यांच्या गावाच्या परिसरात १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की नाकाचा एक विरळा कर्करोग फर्निचर कामगारांनाच अवाजवी प्रमाणात होतो आहे. कारण निघालं लाकडाचा बारीक भुसा. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातलं. भुसा शोषून घेणाऱ्या बंदिस्त पेटीत यंत्र कापत असेल आणि माणूस बाहेर उभा असेल, तर त्या माणसाच्या फुप्फुसांना परंपरेचा गळा घोटल्याचं दुःख होणार नाही.

संगणकाने झाडाकडेच आधी बघितलं तर काय होतं, हे इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या हूक पार्क या जंगलात दिसतं. हे जंगल १९८० च्या दशकात जॉन मेकपीस या फर्निचर कारागिराने आपल्या लाकूडकामाच्या शाळेसाठी घेतलं होतं. आता ते लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनकडे आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी २०१५-१६ मध्ये जंगल पालथं घालून बीचच्या झाडांच्या दुबेळक्यांचे, म्हणजे खोड जिथे दोन फांद्यांत फुटतं त्या भागांचे, शेकडोंनी फोटो काढले. त्यांतली सुमारे २५ दुबेळकी तोडून आणली आणि त्रिमितीय स्कॅनरने त्यांचा गाठ-गाठ आकार संगणकात घेतला. मग संगणकाला आकार काढायला सांगितलाच नाही. ही एवढी दुबेळकी आहेत, कोणतं कुठे कसं फिरवून ठेवलं तर कमान उभी राहील, एवढंच विचारलं. जुळणी सापडल्यावर यंत्रमानवाच्या हाताने प्रत्येकाच्या फक्त टोकांना सांधे कापले. मधलं सगळं वळण झाडाने केलं तसंच ठेवलं.

दुबेळक्यातले तंतू दोन्हीकडून वाढत वाढत एकमेकांत गुंतलेले असतात. ती ताकद डिंकाने येत नाही, बोल्टानेही नाही. पण लाकडाच्या बाजारात दुबेळक्याला सरळ फळी निघत नाही म्हणून किंमत नाही. ते बहुधा चिपरमध्ये जातं आणि तुकडे होऊन बॉयलरखाली जळतं. हूक पार्कमध्ये त्या कमानीवर जी इमारत उभी राहिली, ती बॉयलरसाठीचे लाकडाचे तुकडे साठवायचं कोठार आहे.